आकाश खालून लावायचं असतं

जोएल बसमधून उतरला तेव्हा मी गुडघ्यापर्यंत चिखलात उभी होते. बुधवारची सकाळ होती, बारीक भुरभुर चालू होती आणि पबच्या मागच्या अंगणात, आंघोळीच्या एका जुन्या टबात, मी माती तुडवत होते. आमच्या ऑल्डरवेलमध्ये दर जूनला झरा सजवतात, म्हणजे मातीने लिंपलेल्या फळीवर फुलांच्या पाकळ्यांचं चित्र करून ते झऱ्यावर उभं करतात. त्यासाठी माती लागते, पाणी लागतं, मूठभर मीठ लागतं आणि चार पाय लागतात. दोन माझे होते. उरलेले दोन दरवर्षी पबवाल्या गॅरेथचे असतात, पण त्याने सकाळीच घोटा मुरगळून घेतला होता.

"माफ करा," कुंपणापलीकडून आवाज आला. "या गावात पाहण्यासारखं काय आहे?"

मी मान वर केली. ओले केस, चष्म्यावर थेंब, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली वही.

"बाराव्या शतकातलं चर्च," मी म्हणाले. "त्याच्याहून म्हातारं यूचं झाड. चोरांचे पाय अडकवायचा लाकडी खोडा, हल्ली त्यात नवरे अडकवून फोटो काढतात. चहाचं दुकान, मंगळवारी बंद."

"आणि करण्यासारखं?"

"बूट काढा."

"अं?"

"करण्यासारखं विचारलंत ना? बूट काढा, मोजे काढा, आत या."

मला वाटलं, हसून निघून जाईल. पण त्याने वही खिडकीत ठेवली, पँट दुमडली आणि आला की आत! पाय पडताच घसरला.

"खांदा धरा. माझा. नाहीतर पडाल."

"नाव न विचारता खांदा धरणं बरं दिसत नाही."

"टॅम्सिन. धरा."

"जोएल," तो म्हणाला आणि त्याने धरला. नुसत्या दोन बोटांनी... दुसऱ्याच्या घरातली चांगली बशी उचलावी तसा.

डर्बिशायरच्या गावांवर तो प्रवाशांसाठी पुस्तक लिहीत होता. चाळीस गावं, प्रत्येक गावाला एक दिवस. मीही त्याच धंद्यातली. आठवड्यातून तीन दिवस मी चर्चच्या दारात उभी राहून पाहुण्यांना गाव दाखवते. लोकांच्या चुका दुरुस्त करणं हे माझं काम, आणि खरं सांगायचं तर तो स्वभावच. याच कारणाने दोन तरुण माझ्यापासून दूर पळाले आहेत. त्याचं मला फारसं वाईट वाटलं नव्हतं.

अर्ध्या तासाने डोरीनबाई माती बघायला आल्या. साठ वर्षं आमच्या गावाचा झरा त्यांच्या हुकमाखाली सजतोय. त्यांनी मातीत बोट खुपसलं, मग जोएलच्या पायांकडे बघितलं.

"हे नवे पाय कुणाचे म्हणायचे, बदका?"

त्या गेल्यावर तो हळूच म्हणाला, "त्या मला बदक म्हणाल्या का?"

"सगळ्यांनाच म्हणतात, इकडची लाडाची हाक आहे ती. पाद्रीबाबांनासुद्धा."

"आणि तुम्ही? तुम्ही काय म्हणता?"

"मी नावाने हाक मारते. जोएल, तुम्ही एकाच जागी उभे आहात. तुडवा."

त्याने खोली एका रात्रीपुरती घेतली होती. गुरुवारी सकाळी, गाव सोडायच्या वेळी, तो धान्याच्या कोठारात येऊन उभा राहिला. तिथे टेबलावर आमची मोठी फळी आडवी टाकली होती आणि भोवती आठ माणसं वाकून पाकळ्या लावत होती. चित्र माझं होतं: ओढ्यात उभा बगळा, मागे लव्हाळी, वर निळं आकाश. पहिल्यांदाच डोरीनबाईंनी चित्राचं काम माझ्यावर सोपवलं होतं. दोन रात्री मला नीट झोप लागली नव्हती.

"एक दिवस जास्त राहतोय," जोएल म्हणाला. "पाय तर वापरलेत. हातांचं काही काम आहे?"

"आकाश रिकामं आहे," डोरीनबाई म्हणाल्या. "टॅम्सिन, त्याला दाखव. आणि नियम सांग. चुकला की उठला."

हा त्यांचा नियम सगळ्यांना लागू असतो. ज्याची चूक दिसली, त्याला फळीवरून उठवून चहा करायला पाठवतात. मागे एकदा तर पाद्रीबाबांनाही पाठवलं होतं.

मी त्याला दाखवलं. हायड्रेंजियाच्या निळ्या फुलाची पाकळी कशी उचलायची, मातीत किती दाबायची, शेजारच्या पाकळीवर किती चढवायची.

"इतकी?"

"थोडी कमी."

"आता?"

"आता... बरोबर."

त्याचं लक्ष पाकळीकडे नव्हतं. माझंही नव्हतं बहुतेक. कारण सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मी सांगितलीच नाही — सुरुवात खालून करायची. आमच्या गावात हे कुणी कुणाला सांगत नाही. खालची ओळ आधी, तिच्यावर वरची, छपरावर कौलं चढवतात तशी. मग पावसाचं पाणी वरच्यावर ओघळून जातं. वरून खाली लावत आलात, तर प्रत्येक ओळीत पाणी आत शिरतं.

अकरा वाजता मी बगळ्याच्या चोचीवरून नजर उचलली आणि बघितलं, तर त्याने वरून तीन ओळी खाली आणल्या होत्या. सुबक, सारख्या, आणि साफ उलट्या.

मी तोंड उघडलं.

"टॅम्सिन," तो खाली बघतच म्हणाला, "तू काम करताना ओठ चावतेस, माहीत आहे?"

"नाही चावत."

"आत्ता चावतेयस."

"तुझं लक्ष आकाशावर असू दे."

"आकाश काही कुठे पळून जात नाहीये."

मी तोंड मिटलं. सांगितलं असतं तर डोरीनबाईंनी त्याला तिथल्या तिथे उठवलं असतं. चहा केला असता, शरमला असता आणि संध्याकाळच्या बसने गेला असता. जेवणानंतर सांगू, असं मी ठरवलं. जेवणानंतर तो मला त्याच्या वडिलांच्या बोटीची गोष्ट सांगत होता. मग चहानंतर. चहानंतर आकाश पूर्ण झालं होतं.

"उद्या चारची बस," हात धुताना तो म्हणाला. "दोन गावं मागे पडलो."

"हं," मी म्हणाले. मला जे म्हणायचं होतं ते हे नव्हतं. मला म्हणायचं होतं, जाऊ नकोस. पण तसलं काही बोलायची माझ्या जिभेला सवयच नाही.

शुक्रवारी दुपारी आठ जणांनी फळी उचलून झऱ्यावर नेली आणि उभी केली. शनिवारी सकाळी अकराला पाद्रीबाबा झऱ्याला आशीर्वाद देणार, मग आठवडाभर बाहेरगावचे लोक बघायला येणार. फळी सुरेख दिसत होती. जोएल बॅग पाठीला लावूनच तिच्यासमोर उभा होता. तिथून दहा पावलांवर बसथांबा.

साडेतीनला सर आली.

बगळ्यावरून पाणी ओघळून गेलं. लव्हाळ्यांवरून गेलं. आकाशात मात्र ते आत शिरलं. आधी एक ओळ फुगली, मग दुसरी, आणि निळ्या पाकळ्या बगळ्याच्या पाठीवर घसरायला लागल्या.

डोरीनबाई पुढे झाल्या. त्यांनी एक पाकळी नखाने उचलून पाहिली.

"वरून लावलंय हे."

सगळ्यांच्या नजरा जोएलकडे वळल्या. तो कानापर्यंत लाल झाला.

"माझी चूक आहे," तो म्हणाला. "मला... मला माहीत नव्हतं. तुमचं एवढं तीन दिवसांचं काम—"

"झालं ते झालं," डोरीनबाई म्हणाल्या, तरी आवाज कोरडाच होता. "फळी आडवी करा. ताडपत्री आणा. आकाश सगळं खरवडून पुन्हा लावायचं, अंधार पडायच्या आत. तू नीघ, बदका. तुझी बस येईल."

पुलावर बस वळताना दिसत होती. जोएलने मान हलवली. माझ्याकडे बघितलं नाही. एवढ्या लोकांसमोर लाज वाटलेल्या माणसाने आणखी काय करायचं? तो थांब्याकडे चालायला लागला. तो असा मान खाली घालून गेला, तर पुन्हा या वाटेला येणार नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं.

"मी काल अकरालाच बघितलं होतं," मी म्हणाले.

डोरीनबाई वळल्या. "काय बघितलं होतंस?"

"तो वरून लावतोय हे. आणि खालून सुरू करायचं, हे मीच त्याला सांगितलं नव्हतं."

"बघितलंस आणि गप्प बसलीस? तू?"

"ही?" काठी टेकत गॅरेथ म्हणाला. "ईस्टरला हिने पाद्रीबाबांना भर प्रवचनात थांबवून साल दुरुस्त केलं होतं!"

कुणीतरी हसलं. मला हसू येत नव्हतं. जोएल थांबला होता.

"सांगितलं असतं तर तुम्ही त्याला उठवलं असतं, डोरीनबाई. मग तो कालच गेला असता." माझा आवाज मलाच अनोळखी वाटत होता. "त्याने जाऊ नये असं मला वाटत होतं."

ताडपत्रीवर पाऊस वाजत राहिला. आठ माणसं फळीवर वाकून आकाश खरवडायला लागली, मीही.

"पुढच्या वर्षीचं चित्र तुझ्याकडे नाही," डोरीनबाई म्हणाल्या.

"बरोबर आहे," मी म्हणाले. मला ते लागलं. पण परत विचारलं असतं, तरी मी हेच सांगितलं असतं.

बस येऊन थांबली. दार उघडलं. जोएल तिच्याकडे पाठ करून माझ्याजवळ आला. चष्मा पुन्हा थेंबांनी भरला होता.

"मला नुसतं विचारलं असतंस तर?"

"मला विचारायला येत नाही."

"आता विचार."

"सगळ्यांसमोर?"

"आत्ता सगळं सगळ्यांसमोरच तर झालं."

मी श्वास घेतला. "राहशील?"

"आकाश पूर्ण होईपर्यंत?"

"नाही," मी म्हणाले. "ते संध्याकाळी होईल. त्याच्यानंतर... पुढे."

तो चष्मा काढून पुसायला लागला. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला.

"हो किंवा नाही, काय ते बोल बाबा!" डोरीनबाई ओरडल्या. "माती सुकतेय!"

"हो," जोएल म्हणाला.

मला रडू फुटलं. डोळे पुसावेत तर हात कोपरापर्यंत मातीचे. त्याने आपली बाही पुढे केली, ओली, लोकरीच्या वासाची, आणि मी तिच्यात तोंड लपवून म्हणाले, "मला तू आवडतोस. फार."

"ऐकू आलं आम्हाला," गॅरेथ म्हणाला.

जोएलने माझ्या मातकट बोटांत आपली बोटं अडकवली. मागे बस निघून गेली आणि त्याने वळूनही बघितलं नाही.