कारण : सापडले नाही

मी खरं तर चष्मा दुरुस्त करायला गेले होते. दांडीचा बारीक स्क्रू कुठेतरी पडला होता आणि चष्म्याच्या दुकानाला नेमकं कुलूप. तेवढ्यात शेजारच्या लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानातून आवाज आला, "द्या इकडे. स्क्रू काय, चष्म्याचा असो नाहीतर लॅपटॉपचा."

चष्म्याशिवाय मला माणसं म्हणजे नुसते रंग दिसतात. एका निळ्या रंगाने माझ्या हातातला चष्मा घेतला, काहीतरी खुडखुड केली आणि परत दिला. मी तो डोळ्यांवर चढवला... आणि समोर तो होता. गालावर धुळीचा पट्टा, आणि डोळे असे, की मी आभार मानायचेच विसरले.

"आता दिसतंय नीट?"

"जरा जास्तच," मी म्हणाले आणि जीभ चावली.

तो हसला. माझ्या खांद्यावरच्या बॅगेकडे बघत म्हणाला, "आणि यात कोण आजारी आहे?"

आजारी होताच. मी अंध मुलांच्या शाळेसाठी पाठ्यपुस्तकं वाचून रेकॉर्ड करते. परीक्षा तोंडावर आलेली, भूगोलाचे बारा धडे पुढच्या शनिवारपर्यंत द्यायचे, आणि माझा लॅपटॉप असा रेंगाळायचा की एक शिंक कापून काढायला पाच मिनिटं लागायची.

त्याने टेबलावरचा आपला चार्जर लॅपटॉपला लावला, सुरू केला, आणि तो घोड्यासारखा पळायला लागला मेला!

"हा तर ठणठणीत आहे."

"अहो, घरी नुसती नाटकं करतो!"

"माहेरी आलं की सगळ्यांनाच बरं वाटतं," तो गंभीर चेहऱ्याने म्हणाला. मग एक चिठ्ठी फाडून दिली. 'तक्रार : हळू चालतो. कारण : सापडले नाही.'

घरी आले. लॅपटॉप पुन्हा रेंगाळला. मी पुन्हा गेले.

या वेळी त्याने पंखा साफ केला, प्रोसेसर गार ठेवणारी आतली वाळलेली पेस्ट बदलली. "प्रोसेसर फार तापला ना, की आपणहून वेग कमी करतो. जीव जपायला."

"माणसांसारखाच की. तुम्हीही करता का?"

"मी... मी फारसा तापत नाही," तो म्हणाला. कान मात्र लाल झाले होते.

तपासायला म्हणून तो माझेच धडे लावून ऐकायचा. "नद्यांच्या धड्यात तुम्ही एकदा हसलाय."

"अय्या! ते कापायचं राहिलंय."

"राहू द्या ना," तो हळूच म्हणाला. "मुलांना आवडेल."

चिठ्ठीवर पुन्हा तेच. सापडले नाही.

"बिघडलंय कोण नक्की, लॅपटॉप की तू?" मावशीने विचारलं. मी तिच्याकडेच राहते. "दुरुस्तीच्या दुकानात कोणी इस्त्रीचा ड्रेस घालून जातं का गं?"

सोमवारी दुपारी घरातली लाईट गेली. आणि माझा लॅपटॉप, जो सकाळपासून अंगात आळस भरल्यासारखा बसला होता, एकदम पळायला लागला. लाईट आली, पुन्हा सुस्त. मी चार्जर काढला. पळाला. लावला. बसला!

मूळ चार्जर मी महिन्यापूर्वी बसमध्ये विसरले होते. तेव्हापासून मावशीच्या जुन्या लॅपटॉपचा वापरत होते. पिन बसत होती, दिवा लागत होता. म्हटलं, झालं की. सुरू होताना रोज पडद्यावर एक ओळ यायची आणि मी न वाचताच एन्टर दाबायचे. आज वाचली. 'हा चार्जर ओळखता आला नाही. लॅपटॉप कमी वेगाने चालेल.' जगाला वाचून दाखवणारी मी, आणि ही एक ओळ महिनाभर वाचली नव्हती.

आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. आता त्या दुकानात जायचं ते कशासाठी?

तरीही मी गेले. मंगळवारी गेले, बुधवारीही गेले, आणि चार्जरबद्दल अवाक्षर काढलं नाही. धडे बॅटरीवर पुरे होत होते, मी खोटं बोलत होते, आणि खरं सांगायचं तर मजेत होते.

गुरुवारी मात्र तो हसला नाही. समोर माझ्या चिठ्ठ्यांच्या स्थळप्रतींची चळत होती.

"मी हरलो," तो म्हणाला. "काका हे दुकान माझ्या हाती देणार होते. उद्या संध्याकाळी त्यांना सांगतो, मला जमत नाही. एक साधा लॅपटॉप बरा होत नाही माझ्याकडून..."

तिथेच सांगायला हवं होतं. पण मी बॅग उचलून घरी आले. मला फक्त वाचताच येतं.

शुक्रवारी सकाळी मी लॅपटॉप त्याच्यापुढे ठेवला. "बारावा धडा लावता? शेवटपर्यंत ऐका."

वारे, पाऊस, ऋतू... धडा संपला. मग माझाच आवाज आला, थोडा कापरा :

"आता पुस्तकात नसलेलं. लॅपटॉप सोमवारीच बरा झाला. दोष चार्जरचा होता, तो माझ्या बॅगेत आहे. तुम्हाला सगळं जमतं. मी सांगितलं नाही, कारण मग मला इथे यायला कारण उरलं नसतं... आणि मला तुम्ही फार आवडता. धडा समाप्त."

मी जमिनीकडे बघत बॅगेतून चार्जर काढून दिला. त्याने तो लावला, लॅपटॉप सुस्तावलेला पाहिला, काढला.

"पहिल्याच दिवशी चार्जर मागायला हवा होता मी," तो म्हणाला. "सोमवारी कळलं?"

"हो."

"मंगळवारी आलात."

"हो."

"बुधवारी. काल. आणि मी इकडे झोप घालवून बसलोय..."

"चुकलं माझं," मी म्हणाले. डोळे भरून आले, चष्मा असूनही तो पुन्हा नुसता निळा रंग दिसायला लागला.

त्या निळ्या रंगाने चिठ्ठी ओढली, काहीतरी लिहिलं आणि माझ्या हातात दिली. मी चष्मा पुसून वाचलं. 'कारण : सापडले.'

"उद्या धडे देऊन झाले की ये," तो म्हणाला. इतके दिवस तो मला 'या' म्हणत होता. "आणि लॅपटॉप घरीच ठेव."