हिरवी दाराशीच का बसली?

"डोकं खाली घे! बाबांना दिसेल!"

"मग मला काय दिसणार? तुझी वेणी?"

"हळू बोल रे, भोंग्या!"

भोंग्याला हळू बोल म्हणणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. त्याची कुजबुजसुद्धा चौथ्या घरात ऐकू जायची, म्हणून तर हे नाव पडलं होतं. त्याची थोरली बहीण उठल्यापासून सगळ्यांना हुकूम सोडायची, म्हणून ती हेडबाई. आणि तिसरी त्यांची आतेबहीण. सुट्टीला येऊन तिला दहा दिवस झाले होते, पण धड दहा वाक्यंही ती बोलली नव्हती. तिला या दोघांनी पहिल्याच संध्याकाळी मौनी करून टाकलं.

तिघं कोठीच्या खोलीमागे एका उलट्या टबावर चढून जाळीच्या खिडकीतून आत बघत होती. आत परीक्षा चालली होती. पिल्लांची परीक्षा!

मौनीचा मामा शेफर्ड कुत्री पाळायचा. दिवाणखान्यात शोभेला बसणारी नव्हेत, कामाच्या घराण्यातली. माग काढणं, उंच फळीवरून उडी मारणं, हुकूम मिळताच सुटणं आणि हुकूम मिळताच थांबणं, अशा स्पर्धांसाठी लोक त्याच्याकडून पिल्लं न्यायचे. या खेपेला सहा होती, सात आठवड्यांची. सगळी एकसारखी काळी-तांबूस, म्हणून प्रत्येकाच्या गळ्यात वेगळ्या रंगाची पट्टी बांधलेली. उद्या सकाळी एक बाई त्यांतलं एक निवडायला येणार होत्या.

मामाचे नियम पक्के होते. एका वेळी एकच पिल्लू. खोली अशी हवी, जिथे त्याने कधी पाऊल टाकलेलं नाही. माणूस असा हवा, ज्याला त्याने कधी पाहिलेलं नाही. "आपल्या गल्लीत कुठलंही कुत्रं वाघ असतं," मामा म्हणायचा. "खरा स्वभाव कळतो तो अनोळखी जागेत, पहिल्याच खेपेला. दुसऱ्या खेपेला पिल्लाला खेळ कळलेला असतो."

अनोळखी माणूस म्हणून त्याने समोरच्या शिंपीकाकांना पकडून आणलं होतं. शिंपीकाका कुत्र्यांना घाबरायचे! मामा कोपऱ्यात कागद घेऊन गप्प बसला होता आणि शिंपीकाका खोलीच्या मधोमध, दोरीला बांधलेली चिंधी घेऊन, देवाचं नाव घेत उभे होते.

लाल पट्टीवाल्याने आत येऊन कोपरे हुंगले आणि थेट चिंधीवर झडप घातली. "अहो, सोडवा याला!" शिंपीकाका ओरडले. काळ्या पट्टीवालं हुंगत हुंगत त्यांच्या मागे मागे फिरलं. पिवळीने हुंगता हुंगता पडलेल्या थाळीचा आवाज ऐकून कोपरा गाठला आणि ती तिथेच थरथरत राहिली.

आणखी दोघं खोलीभर हुंगत फिरली. शेवटी आली हिरवी.

मौनीने टबावर टाचा उंचावल्या. हिरवी तिची खास होती. रोज सकाळी तिच्या बुटाची नाडी सोडणारी, तिची चप्पल पळवून पाण्याच्या भांड्यात बुडवणारी, केराच्या मोठ्या झाडूशी एकटीने लढाई करणारी! आता बघा, मौनीला वाटलं, आता शिंपीकाकांची धडगत नाही.

हिरवीला खोलीच्या मध्यावर ठेवलं. तिने इकडेतिकडे पाहिलंसुद्धा नाही. सरळ दाराकडे गेली, दाराच्या फटीला नाक लावलं आणि सगळ्यांकडे पाठ करून बसली. शिंपीकाकांनी हाक मारली. चिंधी नाचवली. मागे थाळी पडली. हिरवीचा एक कान हलला, बाकी ती जागची हलली नाही.

मामाने कागदावर काहीतरी लिहिलं आणि मान हलवली. "हिला ना माणसात रस, ना खेळात. स्पर्धेची नाही ही. गोदामवाल्यांना फाटकाशी बांधायला एक हवंय, त्यांना देऊन टाकतो."

"ती अशी नाहीये!"

हेडबाई आणि भोंगा दोघंही चमकले. मौनी बोलली होती, आणि तेही मोठ्याने! खिडकीतून मामाचा आवाज आला, "कोण आहे तिकडे?" आणि टब कलंडून तिघंही धपाधप खाली पडली.

गोदाम मौनीने पाहिलं होतं. लांबलचक भिंत, लोखंडी फाटक आणि फाटकाशी एक साखळी. रविवारी तर तिथे चिटपाखरूही नसायचं.

पिल्लांच्या आवारात ती कुंपणाला टेकून बसली. हिरवी धावत आली आणि नाडीला लागली.  मौनीची जुनी शाळा सुटली होती आणि नवी अजून सुरू व्हायची होती. आईबाबा नव्या नोकरीच्या गावात घर शोधत फिरत होते. जुन्या मैत्रिणी हळूहळू फोन करायच्या बंद झाल्या होत्या. दिवसभरात आपली वाट बघणारं असं कोणी होतं, तर ते हे नाडी ओढणारं ध्यान.

हेडबाई आणि भोंगा तिच्यासमोर येऊन उभे राहिले.

"बाबा तीस वर्षं पिल्लं बघतायत," हेडबाई म्हणाली. "ते चुकतील का?"

"मी इथे आले, त्या दिवशी मी काय केलं होतं?" मौनीने विचारलं.

"बॅग मांडीवर घेऊन फाटकाकडे तोंड करून बसली होतीस," भोंगा म्हणाला. "जेवायलाही उठेनास. मला वाटलं, वेडी आहे की काय!"

"आईबाबा मला तिथेच सोडून गेले होते, म्हणून मी तिथेच बघत होते. नवीन जागेत आलेलं पिल्लू आधी सगळीकडे हुंगतं. बाकीच्या पाचांनी हुंगलं. हिने नाही. हिला दार कुठे आहे ते आधीच माहीत होतं!"

दोघं एकमेकांकडे बघायला लागले.

"म्हणजे ही आधी त्या खोलीत गेली होती?" हेडबाईने वेणी मागे टाकली. हे तिचं काम सुरू झाल्याचं लक्षण. "पुरावा पाहिजे. चला!"

मामा शिंपीकाकांना चहा पाजत होता, तेवढ्यात तिघं कोठीच्या खोलीत शिरली. भोंग्याने दार आतून लोटलं आणि ओरडला, "हे काय!"

"हळू!"

दाराच्या आतल्या बाजूला, अगदी तळाशी, रंग खरवडून निघाला होता. बारीक बारीक ओरखडे, एकावर एक, कितीतरी. मौनीने गुडघ्यावर बसून त्यांवरून बोट फिरवलं. खालच्या फळीचा कोपरा तर कुरतडून भुसभुशीत झाला होता.

"पण परीक्षेत तर तिने दार खरवडलं नाही," हेडबाई म्हणाली. "मग हे कधीचं?"

भोंगा अचानक गप्प झाला. भोंगा गप्प झाला म्हणजे काहीतरी गंभीर होतं.

"मंगळवार!" तो म्हणाला. "माझा दात काढायला आपण सगळे आईबरोबर गेलो होतो ना? बाबा एकटेच घरी होते. ही खोली रिकामी करत होते, परीक्षेसाठी. आपण संध्याकाळी आलो तेव्हा बाबांनी हे दार उघडलं आणि हिरवी त्यांच्या पायांतून सुळकन गेली. बाबा म्हणाले, 'मध्ये मध्ये करू नकोस!'"

"आत गेली की बाहेर आली?" मौनीने विचारलं.

भोंग्याने डोळे मिटले, दाराची दिशा हाताने करून पाहिली. "बाहेर! बाहेर आली!"

हेडबाई पळत जाऊन वजनाची वही घेऊन आली. पिल्लांची वजनं रोज सकाळ-संध्याकाळ मामाच लिहायचा. मंगळवारी संध्याकाळी पाच पिल्लांची वजनं वाढली होती. हिरवीचं मात्र सकाळपेक्षा घटलं होतं. दुपारचं आणि चारचं, दोन्ही खाणी चुकली होती तिची! मामाने आकडा स्वतःच्या हाताने लिहिला होता, पण त्याकडे पाहिलं नव्हतं.

"पोती बाहेर काढताना ही आत शिरली, बाबांनी दार लावून घेतलं, आणि अख्खी दुपार कोणी आलं नाही," हेडबाई हळूच म्हणाली.

 अख्खी दुपार ओरडत, दार खरवडत राहिलेली हिरवी मौनीला डोळ्यांसमोर दिसत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई आल्या. उंच, पायांत चिखलाचे बूट, गळ्यात शिट्टी. गाडीचं दार लागायच्या आतच भोंग्याने त्यांना शिट्टीबाई करून टाकलं. मामाने अंगणात खुर्च्या मांडल्या आणि परीक्षेचे कागद त्यांच्या हातात दिले.

"मामा," मौनी पुढे आली.  "हिरवीची परीक्षा परत घे ना."

"बाळ, काल सांगितलं ना? परीक्षा एकदाच होते. नियम म्हणजे नियम."

"नियम काय आहे, बाबा?" हेडबाईने अगदी साळसूदपणे विचारलं.

"पिल्लाने ती जागा आधी पाहिलेली नसली पाहिजे!"

"आणि पाहिलेली असली तर?"

"तर ती परीक्षा झालीच नाही असं समजायचं," मामा ठासून म्हणाला.

"ऐकलंत ना सगळ्यांनी?" भोंगा ओरडला. गल्लीतल्या सगळ्यांनीच ऐकलं असणार.

मौनीने वजनाची वही उघडून मामाच्या मांडीवर ठेवली. मग ती त्याला हात धरून कोठीच्या दाराशी घेऊन गेली आणि खाली बोट दाखवलं. मामा वाकला. बराच वेळ वाकलेलाच राहिला. उठला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"मंगळवारी दुपारी मी मोजलीच नाहीत," तो म्हणाला. "आईच्या कुशीत झोपली असतील, असं धरून चाललो."

शिट्टीबाईंनी कागद मिटून ठेवले. "मग हिची परीक्षा व्हायची आहे. अनोळखी माणूस मी आहेच. जागा?"

सगळ्यांच्या नजरा समोरच्या दुकानाकडे वळल्या. तिथे शिंपीकाका मशीन पुसत होते.

"नाही! अजिबात नाही!" शिंपीकाका म्हणाले. "काल माझी विजार गेली!"

"नवीन शिवायला टाकतो, कापडासकट," मामा म्हणाला, आणि प्रश्न सुटला.

"फक्त एक गोष्ट," शिट्टीबाई मुलांना म्हणाल्या. "तुम्ही तिघं बाहेर. ओळखीचं माणूस दिसलं की पिल्लू त्याच्या जोरावर शूर होतं. मला तिचा स्वतःचा धीर बघायचाय. ती दचकेल, त्याला हरकत नाही. कान आहेत तिला, दचकणारच. दचकल्यावर काय करते, ते महत्त्वाचं."

म्हणजे जिच्यासाठी एवढा आटापिटा केला, तिची परीक्षा मौनीला बघताही येणार नव्हती! ती दुकानाच्या पायरीच्या कडेला जाऊन बसली. दार बंद झालं.

आतून आधी काहीच ऐकू येईना. मग फरशीवर नखांचा टिकटिक आवाज, इकडून तिकडे, तिकडून इकडे.

"हुंगतेय!" भोंगा म्हणाला, आणि चक्क हळू म्हणाला.

खण्णकन काहीतरी पडलं. बटणांचा डबा! मग शांतता. हेडबाई बोटांवर मोजायला लागली. एक. दोन. तीन. मौनीने डोळे गच्च मिटले. चार. पाच. मग बटणं घरंगळल्याचा आवाज आला, पुन्हा आला, आणि त्यात एक छोटंसं नाक फुरफुरलं. हिरवी डब्यापाशी परत आली होती! लगेच गुर्रर्र आणि फर्रर्र एकदमच ऐकू आलं.

"अहो बाई, चिंधी सोडून माझं अस्तर धरलंय तिने!"

भोंगा हसून हसून पायरीवरून खाली पडला.

दार उघडलं. शिट्टीबाई बाहेर आल्या. "आता शेवटचं," त्या म्हणाल्या. "मी गाडीकडे चालत जाणार, ती सुटी. कोणीही बोलवायचं नाही, अडवायचं नाही." आणि त्या गल्लीतून चालू लागल्या.

हिरवी तोंडात अस्तराची लांबलचक पट्टी घेऊन बाहेर आली आणि मौनीपाशी थांबली. अस्तर टाकून तिने बूट हुंगला, नाडी तोंडात धरली. तिचं शेपूट मौनीच्या पोटरीवर आपटत होतं.

मौनीला तिला उचलून पोटाशी घ्यावंसं वाटलं. नुसता हात पुढे केला असता तरी ती राहिली असती, हे तिला पक्कं ठाऊक होतं. मग पुढे गोदामाचं फाटक होतं. मौनीने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले आणि त्यांच्यावर जोर देऊन बसली. ती हिरवीकडे बघतसुद्धा नव्हती.

नाडी सुटली. हिरवीने अस्तर उचललं, एकदा पावलांच्या आवाजाकडे कान केले, आणि शिट्टीबाईंच्या मागे दुडक्या चालीने निघाली. गाडी येईपर्यंत तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

"हीच!" शिट्टीबाई म्हणाल्या. "लाल पट्टीवाल्यात जोर आहे, पण हिच्याकडे जोर आणि डोकं दोन्ही आहे. असं पिल्लू मी दोन वर्षं शोधतेय." त्या पायरीपाशी आल्या आणि मौनीच्या समोर उकिडव्या बसल्या. "स्वभाव ओळखायला नुसते गुण देऊन भागत नाही, त्यामागचं कारणही शोधावं लागतं. ते तू शोधलंस. आणि तू हात दाबून बसलीस, ते मी गाडीच्या काचेत पाहिलं. मोठमोठ्या माणसांना जमत नाही ते."

मौनीने मान डोलावली. मग ती सैल झालेली नाडी बांधायला खाली वाकली.

"तुम्ही दोघांनीही माझे डोळे उघडलेत," मामा आपल्या मुलांना म्हणाला. 

गाडी वळणावर दिसेनाशी झाली. हेडबाई आणि भोंगा पिल्लांना खाणं द्यायला आत गेले. मौनी पायरीवरच बसली होती. आता रडू आलं आणि तिने ते येऊ दिलं. मामा येऊन शेजारी बसला. त्याने तिला गप्प बस म्हटलं नाही.

"निदान एकदा वळून बघेल, असं वाटलं होतं ना?" त्याने विचारलं.

"हो."

"मलाही दर वेळी वाटतं," मामा म्हणाला. "तीस वर्षं झाली, अजून वाटतं."

मग दोघं तिथेच बसून राहिले, शिंपीकाका मशीन सुरू करेपर्यंत.