तीन तास बिनघोर

यात पदरचं एक अक्षरही घातलेलं नाही. नवनाथने जसं सांगितलं तसंच लिहिलंय, आणि सांगताना त्याने एकदाही मान वर केली नाही.

जागा पुनावळे. हायवेजवळच्या जुन्या बैठ्या खोल्या. वार गुरुवार, सकाळचे दहा.

हो, सकाळचे दहा. लख्ख ऊन होतं.

नवनाथ मूळचा बीडकडचा, चाकणला एका कंपनीत कामाला. घरी बॅटऱ्या बांधायचा त्याला भारी नाद. भिंतीपलीकडे घरमालकीण विमलबाई आणि त्यांचे यजमान साहेबराव राहायचे. भट्टीच्या कामात साहेबरावांची फुप्फुसं गेलेली. नाकाला नळी, उशाशी ऑक्सिजनचं मशिन.

फुस्स... फुस्स...

तो आवाज दिवसभर भिंतीतून यायचा. नवनाथला त्याची सवयच झाली होती.

आता गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जाते, हे आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल. विमलबाई एकदा म्हणाल्या, "लेकरा, तुला बॅटरीतलं कळतं. यांच्या मशिनला काय तरी कर की."

"बुधवारी देतो मावशी. तीन तास बिनघोर!"

उचलली जीभ, लावली टाळ्याला.

काम सोपं होतं, फक्त वेळ खाणारं. आठ लिथियम सेल. बॅटरी बांधण्याआधी ते सगळे एका पातळीवर आणायचे असतात. त्यासाठी आठही एकत्र जोडायचे, पॉवर सप्लायवर ३.६५ व्होल्ट लावायचे आणि गप वाट बघायची. डिस्प्लेवरचा ॲम्पिअरचा आकडा शून्याशी आला, की समजायचं सगळ्यांची पोटं भरली. नवनाथचा सप्लाय स्वस्तातला, ऑनलाइन मागवलेला. त्याला चार-पाच दिवस लागायचे. घाई केली तर एखादा सेल उपाशी राहतो. आणि बॅटरीतला एक सेल संपला, की बाकीचे सात भरलेले असले तरी सगळं बंद.

नवनाथला हे पाठ होतं.

बुधवारी आकडा अजून तीनवर होता. पण शब्द दिला होता, आणि त्याला शब्दाचा पक्का म्हणवून घ्यायची हौस. त्याने वायरी काढल्या. बॅटरी बांधली. मशिन पाच मिनिटं चालवून दाखवलं. विमलबाईंनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

गुरुवारी दहाला लाइट गेली.

नवनाथ तिसऱ्या शिफ्टवरून येऊन झोपला होता. त्याला जाग आली ती विमलबाईंच्या किंकाळीने.

साहेबराव गेले होते. मशिन बंद होतं.

लोक जमले तेव्हा नवनाथ म्हणाला, "मशिन जुनं होतं. काकांची वेळच भरली होती."

कोणी काही विचारलं नाही. त्याने बॅटरी गुपचूप घरी आणून उघडली. सात सेल ठीक होते. पाचव्या नंबरचा पार रिकामा.

लाज वाटली. इतकी, की बायकोला, दिव्यालाही सांगता आलं नाही. त्याने आठही सेल पुन्हा एकत्र जोडून सप्लायवर लावले. बैल गेला अन् झोपा केला.

पुढचा गुरुवार. दहाला लाइट गेली. दिव्या कामावर गेलेली. सप्लायचा पंखा थांबला. फ्रिज थांबला.

पण डिस्प्ले चालूच होता...

०.४... १.१... ०.४... १.१...

त्याने कंपनीतल्या गणराजला फोन लावला.

"भावा, सेलमधून उलटा करंट येतोय. वायरी काढ, विझेल," गणराज हसून म्हणाला.

नवनाथने वायरी काढल्या.

आकडा चालूच. वर... खाली... वर... खाली. कोणी श्वास घेतल्यासारखा.

मग भिंतीतून आलं...

फुस्स... फुस्स...

मशिन तर भाड्याचं, तिसऱ्याच दिवशी परत गेलं होतं.

दहा चाळीसला आकडा शून्यावर आला. त्या दिवशी बॅटरीही तेवढीच, चाळीस मिनिटं टिकली असावी. आवाजही थांबला. मग ती शांतता... ती त्याहून वाईट.

त्याच्या पुढच्या गुरुवारी तेच. दहा ते दहा चाळीस.

तिसऱ्या गुरुवारी, आवाज चालू असतानाच, दार वाजलं. विमलबाई.

"लेकरा, तुलाबी ऐकू येतंय न्हवं?"

नवनाथने मान डोलावली.

त्या उंबऱ्यावरच बसल्या. "त्या दिवशी मी यांची औषधं आणाया पिंपरीला गेले व्हते. तू तीन तास म्हनला व्हतास, म्हनून निवांत गेले. वाटंत भाजी बी घेतली." पदर तोंडाशी गेला. "मी बसून ऱ्हायले असते तर शेजाऱ्यांना हाक मारली असती. म्हनूनच येत्यात ते. माझीच चूक हाय न्हवं?"

सगळं ओठांवर आलं होतं. एवढंच म्हणायचं होतं... मावशी, चूक माझी.

दहा अडतीस झाले होते.

"तुमची कसली चूक मावशी," तो म्हणाला. "मशिनच जुनं होतं."

दहा एकोणचाळीस.

दहा चाळीस.

दोघेही भिंतीकडे बघत होते...

फुस्स... फुस्स...

त्या दिवशी तो आवाज थांबला नाही. एकला लाइट आली तरी नाही.

नवनाथने महिनाभरात खोली सोडली. आता वाकडच्या पलीकडे राहतो. सप्लाय भंगारात दिला. बॅटरीला हात लावत नाही.

पण दर गुरुवारी फोन येतो.

"अजून चालूच हाय बघ, लेकरा. तुला त्यातलं कळतं. एकदा येऊन बघशील का?"

विमलबाईंच्या आवाजामागे ते फुस्स... फुस्स... स्पष्ट ऐकू येतं.

"येतो मावशी," नवनाथ म्हणतो.

अजून गेलेला नाही.