बिस्किटांच्या वाचनालयाची पडझड

“वाचनालय पाडलंय,” दारातूनच ते गृहस्थ म्हणाले. “माझ्या घरात! माझ्याच सुनेनं!”

भाच्याच्या हातातला टोस्ट तोंडापर्यंत जाता जाता थांबला. विम्याची नोकरी सोडून तो आत्याच्या तपास-कचेरीत गाडी चालवायला आणि अहवाल टाइप करायला आला होता. वय चाळिशीच्या पुढे, वजन त्याच्याही पुढे. तरी आत्या त्याला बाळ्याच म्हणायची. आत्याला मात्र सगळं गावच आत्या म्हणायचं. तिच्यासमोर खोटं बोलणं अवघड जातं, असा तिचा लौकिक होता.

“बसा,” आत्या म्हणाली. “वाचनालय तर आत्ताच पाहून आले मी. जागच्या जागी आहे.”

“ते विटांचं. आमचं बिस्किटांचं.”

आता भाच्याला ओळख पटली. दोन जावांचं ते कुकीचं दुकान कोणाला माहीत नव्हतं? थोरली भाजायची आणि जोडायची, धाकटी आयसिंगनं नटवायची. त्यांच्या हातून कुकीची घरं, गाड्या, पाळणे, काय वाटेल ते उभं राहायचं. दुकान सुनांचं, म्हणून या गृहस्थांनाही लोक सुनांवरूनच ओळखत. सासरेबुवा.

वाचनालयाला पन्नास वर्षं पूर्ण होत होती. समारंभासाठी त्याच इमारतीची दोन वीत उंच प्रतिकृती सुनांनी केली होती. भिंती, खांब, पायऱ्या कुकीच्या. सांधे आयसिंगचे. खिडक्यांना साखर वितळवून केलेल्या काचा. सभोवती लाल रिबीन. संध्याकाळी वाचनालयाचे अध्यक्ष ती गाठ सोडणार होते.

“काल रात्री रिबीन बांधून काम पुरं झालं. पहाटे तर दिमाखात उभं होतं! आणि सकाळी थोरली बघते तो छप्पर खाली, भिंत आडवी. मधल्या वेळात धाकटी एकटी त्या खोलीत गेली होती. काल दोघींचं कडाक्याचं भांडण झालं. ‘पडू दे तुझं वाचनालय,’ असं ती बोललीसुद्धा. आता सामान बांधत्येय. संध्याकाळपर्यंत याचा निकाल लागला नाही, तर बारा वर्षांचं दुकान मोडलं म्हणून समजा.”

“तुम्हाला माझ्याकडून काय हवंय?”

“पुरावा. म्हणजे ती कबूल करेल, माफी मागेल, आणि विषय संपेल. मला घर फोडायचं नाहीये हो.” “तीस वर्षं सफरचंदांचं गोदाम सांभाळलं मी. थंडीतलं फळ भर उन्हाळ्यात टवटवीत बाहेर काढायचो. एक पेटी नासू दिली नाही. आणि घरात हे असं!”

आत्यानं चपला पायात सरकवल्या.

हवा विलक्षण कोंदट होती. गाडीतून उतरून दुकानात शिरेपर्यंत भाच्याचा शर्ट पाठीला चिकटला. दुकानामागच्या खोलीत टेबलावर एका लाकडी पाटावर वाचनालय पडलं होतं. पडलं होतं म्हणण्यापेक्षा बसलं होतं. छप्पर घसरून आत उतरलं होतं, दर्शनी भिंत बाहेरच्या बाजूला ओणवी झाली होती. लाल रिबीन अजून तशीच बांधलेली होती, तिचं फूलही सुटलं नव्हतं. फक्त रिबिनीखालच्या पांढऱ्या आयसिंगवर लाल ओघळ आले होते. जवळच एक मोठा पुठ्ठ्याचा खोका उपडा पडला होता.

भाच्याला राहवलं नाही. त्यानं भिंतीचा कोपरा तोडायचा प्रयत्न केला, तर तो तुटेना, नुसता वाकला. ओढून काढून तोंडात टाकला आणि त्याचा चेहरा पडला.

“मऊ आहे गं, आत्या. चपलेच्या तळव्यासारखी.”

“आमची कुकी मऊ?” दारातून थोरलीचा आवाज आला. उंच बाई, कोपरापर्यंत पीठ, डोळे रडून सुजलेले. ती तरातरा आली, बरणी उघडून एक कुकी तिनं भाच्याच्या हातात ठेवली. “त्याच पिठाची, त्याच दिवसाची. खाऊन बघा.”

कुकी कटकन मोडली. भाच्यानं शहानिशा म्हणून आणखी एक खाल्ली.

आत्यानं एका खिडकीच्या काचेवर बोट टेकवलं. बोट चिकटलं. “किती दिवस सुकवलं होतं?”

“तीन दिवस, पंख्याखाली. दगड झाला होता त्याचा. काल रात्री धूळ बसू नये म्हणून हा खोका घातला, दार लावलं आणि माडीवर घरी गेले. सकाळी मीच खोका उचलला.”

“मधे कोणी उचलला असेल तर?”

“खोलीच्या किल्ल्या घरातच खिळ्याला असतात. पण आत जायचं कुणाला कारणच नाही. धाकटी सोडून.” शेवटचे शब्द तिनं खाली मान घालून उच्चारले.

दारात उभे असलेले सासरेबुवा म्हणाले, “मी तर या खोलीत पाऊलसुद्धा टाकत नाही. इथे माझं काम नाही, असं मला स्पष्ट सांगितलेलं आहे.”

“बाबा, तेव्हा तुम्ही ओल्या आयसिंगला हात लावला होतात,” थोरली थकल्या आवाजात म्हणाली. “चहा करते. कोराच चालेल ना? कालचं फ्रिजमधलं दूध, पण आज नासलं. लोण्याच्या वड्याही पसरून परत घट्ट झाल्यात. दिवसच खराब.”

कोरा चहा म्हटल्यावर भाच्याचा उरलासुरला उत्साह मावळला. दुधाचं दुसरं पाकीट असेल या आशेनं त्यानं दुकानाचा उंच फ्रिज उघडला, तर मधली जाळी एका बाजूला कलली आणि लोण्याचा डबा त्याच्या पायावर येता येता वाचला.

“ही जाळी अशी कुणी बसवली?” थोरली वैतागली. “रोज तर नीट असते.”

आत्यानं बरणीतली पांढऱ्या आयसिंगची एक कुकी आणि बोटभर लाल रिबीन मागून घेतली. रिबीन कुकीला गुंडाळून तिनं ती फ्रिजमध्ये ठेवली. भाच्यानं विचारलं, तर म्हणाली, “तुझ्यापासून लपवून ठेवत्येय.”

धाकटी पुढच्या दुकानात होती. आयसिंगची नोझलं एकेक पुसून पिशवीत भरत होती. लहानखुरी, तिखट डोळ्यांची.

“पाडायचंच असतं तर नीट पाडलं असतं मी,” ती वर न बघता म्हणाली. “असं अर्धवट काम मला जमत नाही.”

“सकाळी खोलीत गेली होतीस?”

“माझी पिशवी आणायला. खोका होता त्याच्यावर. मी उचलला नाही. बघावंसंच वाटलं नाही.”

“भांडण कशावरून झालं?”

धाकटीचा हात थांबला. “काल अध्यक्ष बघायला आले. ‘थोरल्या वहिनी, काय कलाकृती केलीत!’ म्हणाले. प्रत्येक खिडकीची नक्षी माझी. पायऱ्यांवरची वेल माझी, मान मोडून दोन दिवस काढली. मी तिथेच उभी होते. आणि ताई नुसती हसली. एका शब्दानं म्हणाली नाही, की ही हिनं केलीय.” तिनं नोझल पिशवीत टाकलं. “आणि आज बाबांनी माझं नाव घेतलं, तेव्हाही ती गप्पच.”

जाता जाता आत्यानं फ्रिजमधली कुकी काढली आणि मागच्या टेबलावर एका वाडग्याखाली झाकली.

समोरच्या केकवाल्यावर भाच्याचा पहिल्यापासून डोळा होता. धंद्यातला माणूस, शिवाय काल संध्याकाळी तो वाचनालय बघायला येऊन गेला होता.

“गेलो होतो तर! चांगलं काम बघायला जाऊ नये की काय?” केकवाला म्हणाला. “आणि मी केक करणारा माणूस, मला भिंतींतलं काही कळत नाही. मी एवढंच म्हटलं, की अशा उकाड्यात माझा केक बाहेर राहिला असता तर सकाळपर्यंत त्याचं पाणी झालं असतं.”

“हे कोणाकोणासमोर म्हणालात?”

“दोघी जावा आपसात धुसफुसत होत्या, त्यांचं लक्ष नव्हतं. सासरेबुवा दारात होते, त्यांनी तेवढी मान डोलवली.”

रस्ता ओलांडताना भाचा कुजबुजला, “हाच तो. चोराच्या मनात चांदणं. उकाड्याचं निमित्त आधीच करून ठेवलं.”

“बाळ्या,” आत्या म्हणाली, “तुला दूध मिळालं असतं ना, तर तुझं डोकं चाललं असतं.”

तिनं सगळ्यांना मागच्या खोलीत बोलावलं. थोरली टेबलाशी, धाकटी पिशवी खांद्याला लावून दाराशी, सासरेबुवा स्टुलावर ताठ.

“वाचनालय कोणी पाडलेलं नाही,” आत्यानं सुरुवात केली. “ढकललं असतं तर ते मोडलं असतं. तुमची कुकी कटकन मोडते, बाळ्यानं दोनदा खात्री करून घेतलीय. इथे चुरा नाही, तुकडे नाहीत. रिबिनीचं फूल जसंच्या तसं आहे. भिंती वाकल्या आणि वजनानं छप्पर खाली बसलं. म्हणजे भिंती ओल्या झाल्या.”

“पाणी कुणी ओतलं?” थोरलीनं विचारलं.

“ओतलं असतं तर पाट भिजला असता. तो कोरडा आहे. पाणी सगळीकडून सारखं आलं, दंवासारखं. रिबिनीचा रंग सुटला, काचा चिकट झाल्या.” आत्यानं टेबलावरचा वाडगा उचलला. खालच्या कुकीवर बारीक थेंब जमले होते आणि रिबिनीखाली लाल डाग उतरला होता. “ही थोडाच वेळ फ्रिजमध्ये होती. मग या दमट हवेत काढून झाकून ठेवली. गार वस्तूला घाम फुटतो. वाचनालय रात्रभर फ्रिजमध्ये होतं, आणि मग खोक्याखाली झाकलं गेलं. तो घाम जायला वाटच नव्हती. कुकीनं सगळा पिऊन टाकला.”

“फ्रिजमध्ये? केक आहे का तो!” धाकटी न राहवून म्हणाली.

“तेच. तुम्ही दोघींनी हे कधीच केलं नसतं. केकवाल्यानं केलं असतं, पण खोलीची किल्ली त्याच्याकडे नाही. दोन वीत उंच इमारत आत मावायची तर जाळ्या काढाव्या लागतात, दूध-लोणी बाहेर ठेवावं लागतं. म्हणून दूध नासलं आणि लोणी पसरलं. पहाटे सगळं परत आत गेलं, पण जाळी तिरकी बसली. रोज हा फ्रिज लावणाऱ्या हाताकडून तसं होत नाही.”

भाच्याला एकदम काहीतरी आठवलं. त्यानं सासरेबुवांकडे पाहिलं आणि मग पाहिल्याबद्दल त्यालाच कसंसं झालं.

“वाचनालय रात्री झाकलं, ते थेट थोरलीनं सकाळी उघडलं,” आत्या हळू आवाजात म्हणाली. “मधे ते कसं दिसत होतं, हे कोणालाच ठाऊक नसायला हवं. पण मला एकानं सांगितलं, की पहाटे ते दिमाखात उभं होतं.”

सासरेबुवांचा ताठ कणा हळूहळू वाकला.

“उभं होतं,” ते म्हणाले. “मी स्वतः परत ठेवलं. एक कण हलला नव्हता. देवाशप्पथ, मला वाटलं मी वाचवलं.”

“म्हणूनच तुम्ही माझ्याकडे आलात. तुमच्या मनात पाप असतं तर आला नसतात. खोलीत गेलो नाही, एवढंच खोटं बोललात. आणि तुमच्यानंतर धाकटी गेली, म्हणजे तीच, असं तुम्ही मनाशी धरलंत.”

“तो केकवाला म्हणाला, सकाळपर्यंत पाणी होईल. तुम्ही दोघी रागात झोपलात. म्हटलं, आयुष्यभर हेच केलं, गारव्यात ठेवून माल वाचवला. निदान एवढं तरी करावं. सांगितलं असतं तर पुन्हा ऐकावं लागलं असतं, की इथे तुमचं काम नाही.” ते स्टुलावरून उठले आणि धाकटीसमोर जाऊन उभे राहिले. मोठ्या माणसानं चूक कशी कबूल करायची, याची सवय त्यांना नव्हती, ते दिसत होतं. “पोरी, मी तुझं नाव घेतलं. चुकलो मी.”

“फ्रिजचं जाऊ द्या, बाबा,” धाकटी म्हणाली. “ते मायेपोटी केलंत. नाव घ्यायच्या आधी एकदा मला विचारायचंत.”

ती हे सासऱ्यांना म्हणाली, पण बघत थोरलीकडे होती.

“मीही विचारलं नाही,” थोरली म्हणाली. “बाबा बोलले आणि मी ऐकून घेतलं. काल अध्यक्ष बोलले तेव्हाही ऐकून घेतलं. ते ऐकायला गोड लागलं मला. ते काही फ्रिजनं केलं नाही.”

भाच्याला वाटलं, आत्या आता काहीतरी समजुतीचं बोलेल. पण आत्यानं त्याचा दंड धरला आणि त्याला दाराकडे वळवलं. तपास झाला होता, पुढचं त्या दोघींचं होतं. तरी भाच्यानं उंबऱ्यात रेंगाळायचं तेवढं रेंगाळून घेतलं.

मागे खांद्यावरची पिशवी टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

“अख्खी इमारत आता होणार नाही,” धाकटी म्हणाली. “दर्शनी भिंत, खांब आणि पायऱ्या. संध्याकाळपर्यंत तेवढंच सुकेल.”

“तेवढं पुरे.”

“आणि अध्यक्षांनी पुन्हा तेच म्हटलं तर?”

“सांगेन त्यांना.”

“काय सांगशील?”

“भिंत माझी आहे, म्हणेन. आणि तुम्ही जे बघताय ते सगळं हिचं.”

धाकटीनं नाक ओढलं. “मग उभी काय राहिलीस, ताई? पीठ चाळायला घे.”