लाल गाडीचे कल्ले

आगरदांड्याच्या धक्क्यावर श्यामलाची लाल गाडी अशी काही फुसफुसली, की होडीतून उतरणारी माणसं चार पावलं मागे सरली. बॉनेटच्या फटीतून वाफेचा लोट, वर चैत्रातलं ऊन आणि सगळ्यांच्या नजरा हिच्यावर! दुसरी कुणी रडकुंडीला आली असती. हिने पदर खोचला आणि सरळ बॉनेटला हात घातला.

"हात काढा! भाजंल!"

धक्क्याला लागलेल्या लाँचीच्या पोटातून एक तरणाबांड मिस्त्री वर आला. कोपरापर्यंत काजळी, कपाळावर ग्रीस... आणि डोळे मात्र हसरे.

"ठाऊक आहे मला," श्यामला म्हणाली. "गाडी माझी आहे."

"गाडी तुमची हाय, पन हातबी तुमचाच हाय न्हवं?"

यावर ती रागावली. पण रागावूनही तिची नजर काही त्याच्यावरून हलेना. बाईसाहेब फसल्या त्या इथेच!

मिस्त्रीचं नाव रघू. तळा गावाकडच्या भातशेतीवाल्या घरातला. सहा वर्षं मुंबईच्या गोदीत काढून आता इथे लाँचींची इंजिनं दुरुस्त करत होता. श्यामला मुरूडच्या बापू वकिलांची एकुलती एक लेक, शाळेत शिकवायची. सत्तेचाळीस साली विलायतेला परतणाऱ्या एका साहेबाकडून तिच्या मामाने ही दोन माणसांची, शर्यतीत धावणारी गाडी घेतली आणि पुढे भाचीला देऊन टाकली. तेव्हापासून बापूंचं एकच पालुपद, "तापट गाडी आणि तापट मुलगी, एका घरात दोन नकोत." आता तर त्यांनी निक्षून सांगितलं होतं. पुढच्या रविवारी तळ्याच्या वाटेवरचा चढ न थांबता चढली तर गाडी राहील, नाहीतर विकली जाईल. गाडी होती म्हणून श्यामला एकटी कुठेही जायची. गाडी गेली की पुन्हा सोबतीला आत्या आणि आत्याची छत्री!

रघूने गाडीच्या तोंडाशी उकिडवं बसून पाहिलं. "हिचं नाक बारीक हाय, बाई. वारा घ्यायला जागाच न्हाय. फुडच्या बाजूंना दोन भोकं पाडू."

"भोकं? माझ्या गाडीला?"

"मग काय म्हनू?"

"कल्ले म्हणा. सुरमईला असतात तसे. नुसती गार राहून चालणार नाही, देखणी दिसली पाहिजे."

"देखनी तर हायच..."

"गाडी?"

"...गाडीबी."

मग रोज शाळा सुटली की श्यामला धक्क्यावर हजर. ती गाडीच्या दिव्यांमागे, दोन्ही बाजूंना खडूने रेघ काढायची, तो छिन्नीने पत्रा कापायचा आणि कानशीने घासायचा. मोडीत निघालेल्या लाँचीचं पितळ काढून त्याने कल्ल्यांना बाहेर उचललेली झळझळीत कड लावली. पत्रा धरताना बोटांना बोटं लागत, आणि दोघंही दोष पत्र्याला देत!

शुक्रवारी गाडी बाहेर काढली... आणि मैलभरात पुन्हा वाफ. रघूचं तोंड एवढंसं झालं. श्यामला खाली उतरून कल्ल्यांकडे बघत राहिली.

"मिस्त्री, ह्यांची तोंडं मागे का?"

"लाँचीवर मागंच ठेवत्यात. फुडं ठेवली तर लाट आत शिरती..." बोलता बोलता त्याने कपाळावर हात मारला.

"आपल्या रस्त्यावर फार लाटा येतात, नाही?"

ती डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. मग तोही हसला. हसू ओसरल्यावर ती म्हणाली, "पण हे बुजवू नका. आत आलेल्या वाऱ्याला बाहेर जायलाही वाट लागते. हे असू देत. पुढे आणखी दोन पाडा, वाऱ्याकडे तोंड करून."

शनिवारी दिवसभर छिन्नी थांबली नाही.

रविवारी बापू सकाळच्या एसटीने वर खिंडीत जाऊन उभे राहिले. खालून गाडी निघाली. शेजारी रघू बसला होता, तापमानाच्या काट्यावर डोळे लावून. दोन्ही बाजूंना करवंदीच्या जाळ्या, आंब्यांचा वास, आणि नव्या कल्ल्यांतून शीळ घालत आत शिरणारा वारा. काटा जागचा हलत नव्हता.

"बाई... जरा थांबता का?"

"का? तापली?"

"न्हाय. मला बोलायचं हाय."

"थांबले तर गाडी जाईल! चालत्या गाडीत बोला."

"गाडी ऱ्हायली तरी तुमी जानारच की. बरी झालेली गाडी घिऊन धक्क्यावर कशाला याल?" तो अडखळला. "म्हनून... म्हनून मी दोन दिस कानस मुद्दाम हळू मारली."

श्यामलाने गिअर बदलला.

"आणि मी दोनदा खडूच्या रेघा पुसून नव्या काढल्या. आधीच्याच बऱ्या होत्या... रघू, मला तू आवडतोस. फार आवडतोस. आता गप्प बस, वळण आहे."

खिंडीत गाडी पोचली ती तोऱ्यात. बापूंनी बॉनेटवर हात ठेवला, काट्याकडे पाहिलं, पुढून पितळी कड निरखली.

"ठेव तुझी गाडी. दिसतेही झकास." मग लेकीकडे बघून, "पण गाडी तापली नाही, तर तू का अशी लाल?"

"बापू, मला ह्यांच्याशी लग्न करायचंय."

कोर्टात साक्षीदाराकडे वळावं तसे बापू रघूकडे वळले. खाली खाडी चमकत होती. त्यांनी विचारलं, "घरी कोण असतं?"

"आई-वडील. भातशेती हाय आमची. तळ्याच्या अलीकडंच, पिंपळापाशी घर."

"त्यांच्या कानावर घातलंस?"

"न्हाय... अजून बाईंनाबी धड इचारलं न्हाय मी. त्याच बोलल्या."

"त्या बोलणारच. खाली उतर."

रघूचा चेहरा पडला. तो उतरला. बापूंनी धोतर आवरलं आणि त्याच्या जागेवर ऐसपैस बसले.

"तू मागून एसटीने ये. मुलीकडच्यांनी आधी जाऊन विचारायचं असतं, एवढी रीत मला कळते. श्यामला, चल. आणि सावकाश!"

लेकीने स्वतः गाडी हाकत बापाला स्वतःसाठी स्थळ विचारायला न्यावं, असं त्या वाटेवर आजवर कधी घडलं नव्हतं.