पुंजाबाबाचा मैल

गोरक्ष नामपूरच्या मार्केटात कांदा टाकून निघाला, तेव्हा रात्रीचे दहा वाजून गेले होते. कार्तिकातली अमावस्या, गुरुवार. गेल्याच सालची गोष्ट आहे पोरांनो, आजा-पणजाच्या काळातली नाही. गोरक्ष म्हणजे माझ्या चुलतभावाचा पोरगा, पिकअप त्याची स्वतःची. आणि किशोर, दात काढू नकोस. मी त्याच रोडवर एसटी चालवून म्हातारा झालोय.

केवढासा तो राज्यमार्ग! दोन विड्या ओढून होईस्तोवर संपतो. मार्केट सोडलं की बाभळीचा नाला, मग खिंड, खिंड उतरली की आपलं गाव. पूर्वी एकेका मैलाला एकेक माणूस असायचा, त्याला मैलकुली म्हणत. खड्डे बुजवायचे, काटेरी झुडपं तोडायची, मैलाच्या दगडाला चुना लावून त्यावर काळा आकडा काढायचा. नाला ते खिंड हा मैल पुंजाबाबाचा. आकडा सात. दिवस मावळला की बाबा येईल त्या गाडीला हात करायचा, ड्रायव्हरशेजारी बसायचा आणि म्हणायचा, "माझा मैल सरला का उतरव." खिंडीपाशी सातच्या दगडाजवळ त्याची झोपडी होती, तिथं उतरायचा. एका अमावस्येला त्याच दगडाला चुना लावताना ट्रकनं उडवला त्याला. ट्रकवाला थांबलासुद्धा नाही.

तेव्हापासून या रोडवर रात्री शेजारची सीट कोणी मोकळी ठेवत नाही. माणूस नसेल तर कांद्याची गोणी ठेवतात. जागा भरलेली दिसली पाहिजे, बस.

पुढं रोड रुंद झाला. जुने दगड जेसीबीनं उपटून कडेला फेकले आणि नवे किलोमीटरचे बसवले. लोकांनी जुने दगड घरी नेले, कोणी न्हाणीत टाकला, कोणी गोठ्यात. गोरक्षनं सातचा नेला. घडीव, चौकोनी दगड! उंबऱ्याबाहेर पायरी म्हणून बसवला. त्याची तीन वर्षांची स्नेहल त्यावर बसून दूधभाकर खायची.

त्या रात्री सीटवरची गोणी त्यानं वाटेत बहिणीला देऊन टाकली होती. नाल्यापाशी त्याला आठवण झाली. म्हणाला, जाऊ दे, एका दिवसानं काय होतंय!

नाला ओलांडला आणि गाडी डावीकडं कलली. पंक्चर झालं असेल म्हणून त्यानं ब्रेक मारला, उतरून बघितलं. चारही चाकं ठणठणीत. परत येऊन बसला, तर चुन्याचा वास आला. ओल्या, ताज्या चुन्याचा. त्याच्या बाजूची काच स्वच्छ होती. पलीकडची... धुरकटली होती. आतून. कोणीतरी तिच्याशी तोंड नेऊन श्वास सोडत असावं तशी.

सीट दबलेली होती.

गोरक्षनं विचारलं, "कोन... कोन शे?"

त्यानं गाडी हाणली. खिंड आली. नवा किलोमीटरचा दगड दिसला. तिथं थांबून, हात लांब करून त्यानं पलीकडचं दार उघडलं. "उतर बाबा. आला तुझा मैल. पाया पडतो तुझ्या."

गार वारा आत आला. सीट तशीच दबलेली.

मग आवाज आला. म्हाताऱ्याचा, थकलेला, अगदी कानाशी.

"ह्यो माझा दगड नाय."

गोरक्षनं झटकन हात मागं घेतला.

"माझा दगड तुझ्या दारात हाय, पोरा... तिथं उतरव."

दारात! घरात उज्वला होती, स्नेहल होती. खिंड उतरली की घर. गोरक्षनं दार ओढून घेतलं आणि गाडी जागेवर फिरवली. नाला ते खिंड, खिंड ते नाला. थांबायची छाती होईना आणि घरी जायचं नव्हतं. त्यानं धाकट्या भावाला, महेशला फोन लावला. "पायरी उपट. आत्ताच्या आत्ता. ट्रॅक्टरवर घाल आन् खिंडीत आण. उज्वलाला सांग, आतून कडी लाव, कोणी हाक मारली तरी काढू नको."

"दादा, पिऊन आलास का?"

"महेश... माझ्या शेजारी कोणीतरी बसलंय रे."

महेशनं फोन ठेवला आणि पहार घेतली.

डिझेलचा दिवा लागला. आणखी एक फेरी. आणखी एक. शेजारून मधूनमधून तेच, हळू आवाजात... "आला का माझा मैल?" गोरक्ष रडत होता, लहान पोरासारखा रडत होता, पण स्टिअरिंग सोडत नव्हता.

शेवटी खिंडीत ट्रॅक्टरचा उजेड दिसला. दोघा भावांनी दगड ढकलत त्याच्या जुन्या जागेपाशी नेला, खड्डा करून उभा केला, भोवती माती दाबली. गोरक्षनं पिकअपकडं वळून बघितलं. पलीकडचं दार उघडं होतं. सीट वर आली होती. काचेवरचं धुकं विरत होतं. गोरक्ष तिथंच दगडापुढं आडवा झाला. म्हणाला, "चुकलो बाबा, चुकलो."

उजाडताना दोघं घरी आले. दारापुढं पायरीच्या जागी उघडी माती होती. गोरक्षनं हाक मारली. उज्वलानं नीट ओळख पटवून घेतली, मगच कडी काढली. रात्रभर दार उघडलं नाही म्हणाली, हाकही कोणाची आली नाही. स्नेहल गोधडीत गाढ झोपली होती. गोरक्षनं तिच्या कपाळावर हात ठेवला, तेव्हा कुठं त्याच्या जिवात जीव आला.

मग पोरीला उचलून तो दाराकडं वळला आणि त्याची नजर उंबऱ्यावर गेली.

उंबऱ्याला चुना मारलेला होता. त्यावर काळा, ठसठशीत सात. महेशनं बोट लावलं. ओला.

बाहेरून नव्हता मारलेला, पोरांनो. आतल्या बाजूनं.