पुणे–लिमा, चाळीस मिनिटं

दुग्धप्रयोगशाळेच्या पडद्यावर निरंजनचा चेहरा उमटला. पुण्याहून निघून तो नुकताच लिमाला उतरला होता. अंतर सतरा हजार किलोमीटर, वेळ चाळीस मिनिटं. वैजयंतीनं आपल्या वैमानिक नवऱ्याची हनुवटी न्याहाळली. सकाळी तुळतुळीत होती. आता चांगले खुंट उगवले होते.

संशय जुनाच. सकाळी बोललेलं हा माणूस संध्याकाळी विसरायचा. जेवून निघायचा आणि दुष्काळातून आल्यासारखा ताटावर बसायचा. कुठंतरी दुसरा संसार आहे, असं तिच्या मनानं घेतलं होतं.

"डबा उघड ना जरा."

तो निघताना तिनं कोमट दुधाला विरजण लावून ऊब धरणारा डबा त्याच्या हाती दिला होता. 'तिकडच्या हवेत कसं लागतं, बघायचंय,' म्हणाली होती. त्यानं झाकण काढून डबा कलता केला. दही हललं नाही. निरंजन मात्र हलला. पडदा विझला.

शेजारी काळभौतिकी विभागाचे लोखंडे चहा फुंकत उभे होते. तिचा संशय त्यांच्या कानावर होता.

"सवत नाही हो, वहिनी. असती तर बरं झालं असतं."

"थट्टा पुरे. चाळीस मिनिटांत दही?"

"शक्यच नाही. आत अठरा तास गेले. विमानाभोवती कालकोश असतो. आतला काळ धावतो, बाहेरचा रांगतो. विमान नेहमीच्याच वेगानं जातं; आपल्याला तेवढी चाळीस मिनिटं दिसतात."

"आणि प्रवासी?"

"झोपेच्या वायूत. वैमानिक जागे." लोखंड्यांनी कप खाली ठेवला. "कोश आम्हीच केला होता. मालासाठी. त्यात माणसं भरतील, हे मनातही नव्हतं."

संध्याकाळी निरंजन उंबऱ्यातच थबकला.

"कंपनीनं शपथ घातली होती, वैजू."

"किती आयुष्य गेलं तुझं?"

"घरचं एक वर्ष, माझी दोन. असं सहा वर्षं चाललंय."

ती त्याच्याहून दोन वर्षांनी मोठी. 'नवरी थोरली आणलीस रे,' असं सासूबाई जन्मभर टोचत राहिल्या. आज असत्या तर लेकाच्या कानशिलावरचे पांढरे केस बघून काय म्हणाल्या असत्या?

"निवृत्तीला सतराच वर्षं उरलीत," तो समजूत घालू लागला.

"कुणाची सतरा?"

निरंजननं टोपी काढून मेजावर ठेवली.

सकाळी कंपनीची गाडी दारात वाजली. निरंजननं टोपी उचलली. वैजयंती ओट्याशी दुधात बोट बुडवून ऊब बघत होती, स्वतःशीच गुणगुणत,

*लांबचा परदेश, जवळ कुणी केला*
*कोस तेवढेच बाई, सखा झिजून गेला*

तिनं विरजण घातलं, ढवळलं, वर ताटली ठेवली.

"हे घरातल्या काळानं लागू दे. बस इथं. तोवर उठायचं नाही."

बाहेर गाडी पुन्हा वाजली. मग खूप वेळ वाजत राहिली. निरंजन बूट काढून पातेल्याशेजारी बसला होता.